विहिरीवरील मोटारीसाठी स्वतःचा पीसीबी : आराखड्यापासून ऑर्डरपर्यंत



अनेक भागांत शेतीपंपांना वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. रात्री-अपरात्री विहिरीवर जाणे नको म्हणून बरेच शेतकरी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवतात. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. परंतु विहिरीत पाणी आहे किंवा नाही, हे ऑटोला कळत नाही. चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेलेले असते, मोटार कोरडी फिरते आणि सकाळी जळाल्याचा वास येतो. आमच्या घरच्या विहिरीवरील मोटार अशीच दोन उन्हाळे लागोपाठ जळाली. दुसऱ्या वेळी ती भरून येईपर्यंत आठ दिवस गेले आणि तेवढ्यात भुईमुगाच्या आऱ्या सुटण्याची वेळ निघून गेली. मोटार भरण्याच्या खर्चापेक्षा ते नुकसान मोठे होते.

यावर उपाय म्हणून पाण्याची पातळी पाहून मोटारीला परवानगी देणारे एक लहान उपकरण आम्ही तयार केले. त्यासाठी लागणारा पीसीबी, म्हणजे तांब्याच्या छापील मार्गांची पाटी, स्वतः आखून कारखान्यातून कशी मागवावी, याची माहिती या लेखात दिली आहे. यात आमच्या हातून झालेल्या चुकाही मुद्दाम सांगितल्या आहेत.

पीसीबी कशासाठी?

रेडिओ, स्टार्टर किंवा मोबाईलचा चार्जर उघडला तर आत हिरवी पाटी दिसते. तिच्यावरील तांब्याचे बारीक मार्ग हेच तारांचे काम करतात. पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये अशा छापील मंडलाचा रेडिओ तयार केला. त्यापूर्वी प्रत्येक जोडणी वेगळ्या तारेने करावी लागे.

एखादे मंडल प्रथम करून पाहताना ते ‘झिरो पीसीबी’वर, म्हणजे नुसती छिद्रे असलेल्या पाटीवर, सुट्या तारा डाखून करतात. चाचणीसाठी ही पद्धत चांगली आहे. मात्र शेतातील पेटीत ती टिकत नाही. आमचे पहिले उपकरण झिरो पीसीबीवर होते. ते एक पावसाळा चालले. नंतर तारांच्या टोकांना हिरवा गंज चढला, एक तार सुटली आणि पेटीत शिरलेल्या पालीने उरलेले काम केले. छापील बोर्डावर सुट्या तारा नसतात, जोडण्या घट्ट असतात आणि वरून संरक्षक थर असतो. शिवाय दुसरा बोर्ड हुबेहूब पहिल्यासारखाच निघतो, त्यामुळे दुरुस्ती सोपी जाते.

बाजारात तयार वॉटर लेव्हल गार्ड मिळतात. आपली गरज त्यातून भागत असेल तर तेच घ्यावे. ज्यांना आपल्या विहिरीप्रमाणे वेळ व पातळी ठरवायची आहे, दुरुस्ती गावातच करायची आहे आणि थोडी खटपट करण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

उपकरण कसे चालते?

विहिरीत स्टेनलेस स्टीलच्या तीन सळया तीन उंचींवर सोडतात. सर्वांत खालची समाईक, मधली ‘खालची पातळी’ आणि तिसरी ‘वरची पातळी’. पाणी वरच्या सळईला लागले की मोटारीला परवानगी मिळते. पाणी खालच्या पातळीच्या सळईखाली उतरले की परवानगी जाते. दोन पातळ्या ठेवल्यामुळे मोटार दर दोन मिनिटांनी बंद-चालू होत नाही. खालच्या पातळीची सळई फूटव्हॉल्व्हच्या किंवा पाणबुडी पंपाच्या पाणी घेण्याच्या तोंडाच्या किमान दोन-तीन फूट वर असावी. वरच्या सळईची उंची विहिरीला येणारे पाणी पाहून ठरवावी.

सळयांतून एकाच दिशेने सतत वीज सोडल्यास विद्युत विघटनाने त्या खराब होतात. म्हणून या उपकरणात ‘नॅनो’ नावाची लहान मायक्रोकंट्रोलर पाटी वापरली आहे. ती दर पाच सेकंदांनी केवळ १० मिलिसेकंद एका दिशेने व तेवढाच वेळ उलट दिशेने ५ व्होल्ट देते. बाकीचा सर्व वेळ सळयांत वीज नसते. वीज आल्यावर दोन मिनिटे थांबण्याचे कामही हीच पाटी करते. एका रोहित्रावरील सर्व मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळते. शेजारच्या विहिरींवर अशीच उपकरणे असल्यास एकाला दोन, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला सहा मिनिटे असा थांबा ठेवावा.

समाईक किंवा खालच्या सळईची तार तुटली तर उपकरणाला ‘पाणी नाही’ असेच वाटते आणि मोटार थांबते. बिघाड झालाच तर तो मोटार बंद राहण्याच्या बाजूने व्हावा, हा नियम अशा प्रत्येक उपकरणाला लावावा.

दोन गोष्टींत तडजोड नको

१) बोर्डावर १२ व्होल्टच्या वर काहीही आणू नये. बोर्डाने फक्त बाहेरच्या प्लग-इन रिलेची १२ व्होल्टची कॉईल चालवावी. हा रिले स्वतंत्र पेटीत बेसवर बसवावा. त्याचा संपर्क स्टार्टरच्या नो-व्होल्ट कॉईलच्या मार्गात परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच जोडून घ्यावा. शेतीपंपांच्या अनेक स्टार्टरमधील ही कॉईल २३० नव्हे तर ४१५ व्होल्टची असते. कॉईलवरील आकडा वाचून त्या दाबाला योग्य असाच रिले निवडावा. साधा लहान ‘शुगर क्यूब’ रिले २५० व्होल्टपर्यंतचा असतो, तो येथे चालत नाही.

२) वीजपुरवठ्यासाठी चांगल्या प्रतीचा, आतून विलग असलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर वापरावा. केवळ कपॅसिटर लावून २३० व्होल्ट कमी करणारे स्वस्त मंडल कधीही वापरू नये. या उपकरणाच्या तारा विहिरीच्या पाण्यात असतात. असे मंडल वापरल्यास पाण्यात प्राणघातक वीज उतरू शकते.

हे उपकरण सिंगल फेज प्रिव्हेंटर किंवा ओव्हरलोड रिलेच्या ऐवजी नाही. ती दोन्ही संरक्षणे जागेवरच ठेवावीत.

आधी खरेदी, मग आराखडा

नवशिक्या माणसाची पद्धत उलटी असते. तो संगणकावर बोर्ड आखतो, कारखान्यातून मागवतो आणि मग भाग आणायला निघतो. भाग हातात येतात तेव्हा पाय छिद्रांत बसत नाहीत. म्हणून प्रत्येक भागाचा एकेक नमुना आधी विकत घ्यावा.

महाराष्ट्रात यासाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारखी दुसरी जागा नाही. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला होते. आता तो अधिकृतपणे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण कोणालाही विचारताना जुनेच नाव सांगावे. गिरगावच्या ऑपेरा हाऊसकडून हा रस्ता मुंबई सेंट्रलच्या दिशेने जातो. एस.टी.ने येणाऱ्यांना मुंबई सेंट्रलचे बसस्थानक जवळ पडते. दादरला उतरल्यास पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरून ग्रँट रोडला उतरावे व पूर्वेकडे बाहेर पडावे. जलद लोकल तेथे थांबत नाही. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. मोठा रिले, त्याचा बेस, केबल व पेटी ही विजेची सामग्री काळबादेवीजवळच्या लोहार चाळीत पाहावी.

दुकानात गर्दी असते आणि काउंटरवर बोलायला वेळ कमी मिळतो. म्हणून यादी लिहूनच न्यावी. ती पुढीलप्रमाणे :

तक्ता १ : एका बोर्डासाठी साहित्य

• नॅनो पाटी – १ नग, आणि तिच्यासाठी १५ छिद्रांच्या दोन सॉकेट पट्ट्या
• ७८०५ रेग्युलेटर – १ नग
• बीसी ३३७ ट्रान्झिस्टर – १ नग
• १एन४००७ डायोड – २ नग
• रेझिस्टर – १ किलोओहम ५ नग, ४७ किलोओहम २ नग
• कपॅसिटर – ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट १ नग, ०.३३ मायक्रोफॅरड १ नग, ०.१ मायक्रोफॅरड ३ नग
• एलईडी – १ नग
• स्क्रू टर्मिनल, ५.०८ मिलिमीटर अंतराचे – दोन तारांचे २ नग, तीन तारांचे १ नग

प्रत्येक भाग दोन-चार जास्त घ्यावेत, कारण हे भाग स्वस्त असतात आणि पुन्हा मुंबईची फेरी महाग पडते. घेतलेला भाग मागितलेलाच आहे, हे त्यावरील आकडा वाचून दुकानातच पाहावे.

आमच्या दोन चुका

पहिला बोर्ड मी नमुने हातात नसताना आखला. नॅनोच्या पायांच्या दोन रांगांमधील अंतर १५.२४ मिलिमीटर असते. मी कागदावरच्या एका चित्रावरून ते १७.७८ धरले. पाच बोर्ड आले, पाचही सुंदर दिसत होते आणि एकाही बोर्डावर नॅनो बसेना. दुसरी चूक ट्रान्झिस्टरची. सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरल्यास बीसी ३३७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात. २एन२२२२ च्या बऱ्याच प्लॅस्टिक आवृत्त्यांत हाच क्रम नेमका उलटा असतो. मी आकृतीत दुसऱ्याचा ठसा घेतला होता.

हे पाच बोर्ड आमच्यासह पाच शेजाऱ्यांनी वर्गणी काढून मागवले होते. उन्हाळा तोंडावर होता. एका चुकीचे पाच विहिरींवर पाच तुकडे झाले आणि नव्या बोर्डांची वाट पाहण्यात तीन आठवडे गेले. त्या काळात आम्ही सर्वांनी ऑटो काढून ठेवले आणि पाळीपाळीने रात्रीचे विहिरीवर गेलो.

लालबागला माझे मामा राहतात. ते गिरणीत फिटर होते. मी ते वाया गेलेले बोर्ड त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी व्हर्निअर कॅलिपर काढला, नॅनोची रुंदी मोजली आणि म्हणाले, “चित्राचं माप घेऊ नकोस, वस्तूचं घे. आणि छिद्र पाडायच्या आधी कागदावर बसवून बघ. गिरणीत आम्ही पत्र्याला हात लावण्याआधी पुठ्ठा कापत होतो.” पुढील सर्व कृती त्यांच्या या सल्ल्यावरच उभी आहे.

मंडलाची आकृती

आराखड्यासाठी ‘कायकॅड’ हा संगणकीय कार्यक्रम वापरावा. झाँ-पिएर शारा या फ्रेंच प्राध्यापकांनी तो १९९२ मध्ये सुरू केला. तो पूर्णपणे मोफत असून साध्या संगणकावरही चालतो. प्रथम मंडलाची आकृती काढावी. यात कोणता पाय कोणाला जोडायचा एवढेच ठरते.

जोडण्या पुढीलप्रमाणे ठेवाव्यात :

१) अडॅप्टरचे धन टोक १एन४००७ डायोडमधून आत घ्यावे. तारा उलट लागल्या तरी बोर्ड वाचतो. त्यानंतर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा.

२) तेथून ७८०५ मध्ये जाऊन ५ व्होल्ट मिळतात. ७८०५ च्या आत येणाऱ्या बाजूस ०.३३ व बाहेरच्या बाजूस ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी जवळ ठेवावा. नॅनो व एलईडी मिळून सुमारे ४० मिलिअँपिअर घेतात. १२ मधून ५ व्होल्ट करताना ७ व्होल्ट उरतात. म्हणजे ७८०५ मध्ये सुमारे पाव वॅट उष्णता होते आणि तिला वेगळी थंड पट्टी लागत नाही.

३) समाईक सळई १ किलोओहममधून नॅनोच्या डी-२ पायाला जोडावी. खालची व वरची सळई प्रत्येकी १ किलोओहममधून ए-० व ए-१ या पायांना जोडावी. ए-० व ए-१ पासून प्रत्येकी ४७ किलोओहमचे रेझिस्टर ऋण मार्गाला न जोडता डी-३ पायाला जोडावेत. असे केल्यास उलट दिशेने वीज देताना प्रवाह तेवढाच राहतो आणि सळया टिकतात.

४) डी-४ पायापासून १ किलोओहममधून बीसी ३३७ च्या बेसला जावे. एमिटर ऋण मार्गाला आणि कलेक्टर रिलेच्या कॉईलला जोडावा. कॉईलचे दुसरे टोक १२ व्होल्टला जोडावे.

५) कॉईलच्या दोन टोकांमध्ये दुसरा १एन४००७ डायोड उलटा, म्हणजे पट्टीची बाजू १२ व्होल्टकडे ठेवून, जोडावा. कॉईल बंद होताना उसळणारा दाब तो गिळतो. हा डायोड विसरल्यास ट्रान्झिस्टर जातो.

६) उरलेला १ किलोओहम एलईडीसोबत जोडावा. ०.१ मायक्रोफॅरडचे उरलेले दोन कपॅसिटर ए-० व ए-१ पासून ऋण मार्गाला जोडावेत. लांब तारेतून येणारा खरखराट त्यामुळे कमी होतो.

बीसी ३३७ का, हे समजून घ्यावे. प्लग-इन रिलेच्या १२ व्होल्ट कॉईलचा रोध सुमारे १६० ओहम असतो. १२ ला १६० ने भागल्यास ०.०७५, म्हणजे ७५ मिलिअँपिअर येतात. नेहमीच्या बीसी ५४७ ची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे. उन्हात तापलेल्या पेटीत इतक्या कडेला काम करणे योग्य नाही. आपल्या रिलेच्या कॉईलचा रोध मीटरने मोजून हे गणित पुन्हा करावे.

आकृती पूर्ण झाल्यावर कार्यक्रमातील विद्युत नियमांची तपासणी चालवावी. न जोडलेला पाय किंवा सुटलेला पुरवठा ती दाखवते. प्रत्येक सूचना वाचून दुरुस्त करावी.

बोर्डाचा आराखडा

आता प्रत्येक भागाला त्याचा ठसा द्यावा. ठसा म्हणजे बोर्डावरील छिद्रांची व पॅडची जागा. प्रत्येक ठसा निवडताना हातातील भाग कॅलिपरने मोजावा.

बोर्डाचे माप ८० × ६० मिलिमीटर पुरेसे होते. चारही कोपऱ्यांत ३.२ मिलिमीटरची छिद्रे ठेवावीत. त्यांत ३ मिलिमीटरचे स्क्रू बसतात. पेटी आधी घेऊन तिच्यातील खांबांचे अंतर त्याप्रमाणे जुळवावे.

सर्व टर्मिनल एकाच कडेला ठेवावेत, म्हणजे केबल पेटीच्या तळातून सरळ वर येतात. टर्मिनलचे तोंड बोर्डाच्या बाहेरच्या बाजूला आहे ना, हे पाहावे. नॅनोचे यूएसबीचे तोंड कडेकडे असावे, नाहीतर केबल लावण्यासाठी पाटी उपटावी लागते.

छिद्रांची मापे रेझिस्टरसाठी ०.८, डायोड व सॉकेटसाठी १.० आणि टर्मिनलसाठी १.३ मिलिमीटर ठेवावीत. १२ व्होल्ट व रिलेच्या मार्गांची रुंदी १.५ मिलिमीटर आणि बाकीच्या मार्गांची ०.५ मिलिमीटर ठेवावी. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा १ मिलिमीटर रुंद मार्ग सुमारे दोन अँपिअर सहज वाहतो. आपल्याला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही प्रवाह नको आहे. तरीही रुंद मार्ग ठेवावेत, कारण दुरुस्ती करताना बारीक मार्ग इस्त्रीच्या उष्णतेने उखडतात. दोन मार्गांमध्ये किमान ०.४ मिलिमीटर अंतर असावे. उरलेली जागा दोन्ही बाजूंनी ऋण मार्गाच्या तांब्याने भरून टाकावी.

प्रत्येक टर्मिनलजवळ त्याचे काम अक्षरांत छापून घ्यावे. ‘धन’, ‘ऋण’, ‘समाईक’, ‘खालची’, ‘वरची’, ‘रिले’. डायोडची पट्टी व कपॅसिटरचे ऋण टोकही दाखवावे. दोन वर्षांनी रात्री बॅटरीच्या उजेडात दुरुस्ती करणाऱ्याला कागद सापडणार नाही, बोर्ड मात्र समोर असेल. तारीख व ‘आवृत्ती २’ असा आकडाही छापावा. जुने-नवे बोर्ड एकत्र झाले की त्याचे महत्त्व कळते.

शेवटी आराखड्याच्या नियमांची तपासणी चालवावी आणि एकही चूक शिल्लक ठेवू नये.

कागदाची चाचणी

हा टप्पा कधीही टाळू नये. बोर्डाचे चित्र मूळ मापात, म्हणजे एकास एक प्रमाणात, कागदावर छापावे. छपाईच्या वेळी ‘पानात बसवा’ ही सोय बंद ठेवावी. छापल्यावर ८० मिलिमीटरची कडा पट्टीने मोजावी. ती ८० भरली तरच कागद खरा.

तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवावा, छिद्रांच्या जागी टाचणीने टोचावे आणि प्रत्येक भाग त्यात बसवून पाहावा. ट्रान्झिस्टरचे पाय एकेक करून आकृतीशी ताडावेत. पेटीचे झाकण लागते का, स्क्रू फिरवायला जागा आहे का, तेही याच वेळी दिसते. आमच्या दोन्ही चुका एका कागदाच्या व पुठ्ठ्याच्या खर्चात टळल्या असत्या. हा पुठ्ठा मंडल समजणाऱ्या दुसऱ्या माणसालाही दाखवावा. आपली चूक आपल्या डोळ्याला सहसा दिसत नाही.

ऑर्डर कशी द्यावी?

कारखान्याला ‘गर्बर’ नावाच्या फाइली लागतात. प्रत्येक थराची एक फाइल असते. वरचे तांबे, खालचे तांबे, दोन्ही बाजूंचा संरक्षक थर, वरची छपाई आणि बोर्डाची कडा. छिद्रांची फाइल वेगळी असते. तिचा विसर पडल्यास बोर्ड तयार होऊ शकत नाही. सर्व फाइली तयार झाल्यावर त्या गर्बर पाहण्याच्या कार्यक्रमात पुन्हा उघडाव्यात. कडेची रेषा पूर्ण बंद आहे का, छिद्रे पॅडच्या मध्यावर आहेत का आणि अक्षरे सुलट आहेत का, ते पाहावे. मग सर्व फाइली एकत्र बांधून पाठवाव्यात.

तक्ता २ : मागणीपत्रात काय भरावे?

• थर – २
• माप – ८० × ६० मिलिमीटर (१०० × १०० मिलिमीटरच्या आतील बोर्ड बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतात)
• पाटीचा प्रकार – एफआर-४
• जाडी – १.६ मिलिमीटर
• तांब्याची जाडी – ३५ मायक्रॉन, म्हणजे १ औंस
• संरक्षक थर – हिरवा
• पॅडवरील मुलामा – कथिलाचा
• नग – ५ किंवा १०

एका बोर्डाचा व पाच बोर्डांचा खर्च जवळपास सारखाच येतो, कारण खरा खर्च तयारीचा असतो. म्हणून चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून मागणी करणे फायद्याचे आहे. मात्र पहिल्या वेळी कमीत कमी नगच मागवावेत. एक बोर्ड शेतात महिनाभर चालल्यावरच पुढची मागणी करावी.

भारतात बोर्ड करणारे कारखाने आहेत आणि चीनमधूनही बोर्ड मागवता येतात. भाव पाहताना केवळ बोर्डाची किंमत पाहू नये. कुरिअर, कर आणि परदेशातून आल्यास सीमाशुल्क व ओळखीच्या कागदपत्रांचा व्याप धरून एकूण हिशेब करावा. बोर्ड पेरणीच्या किंवा उन्हाळ्याच्या आधी हवे असल्यास दोन महिने आधी मागणी द्यावी.

साधा एकेरी बोर्ड घरीही करता येतो. लेझर छपाई इस्त्रीने तांब्यावर उतरवून उरलेले तांबे फेरिक क्लोराईडमध्ये विरघळवतात. नमुना पाहण्यासाठी हे ठीक आहे. परंतु त्यात संरक्षक थर व आतून तांबे चढवलेली छिद्रे मिळत नाहीत, म्हणून शेतातील कायम वापरासाठी असा बोर्ड घेऊ नये. वापरलेले द्रावण गटारात, ओढ्यात किंवा शेतात मुळीच ओतू नये. त्यातील तांबे पिकाला व जमिनीतील जिवाणूंना अपायकारक असते.

बोर्ड आल्यावर

१) रिकाम्या बोर्डावर १२ व्होल्ट व ऋण मार्ग एकमेकांना जोडलेले नाहीत, हे मीटरने पाहावे.

२) आधी बुटके भाग डाखावेत. रेझिस्टर व डायोड, मग सॉकेट, ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आणि शेवटी टर्मिनल. डाख चकचकीत व शंकूसारखा असावा. शिसे असलेली डाख वापरल्यास काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि काम करताना काही खाऊ नये.

३) नॅनो न बसवता १२ व्होल्ट द्यावेत. ५ व्होल्टच्या जागी मीटर ४.८ ते ५.२ व्होल्ट दाखवतो का, ते पाहावे. मगच नॅनो बसवावी. नॅनो संगणकाला जोडताना अडॅप्टर काढून ठेवावा.

४) सळया पाण्याच्या बादलीत बुडवून पाहाव्यात. पाणी लागल्यावर ए-० चा दाब वर जातो, सळई बाहेर काढल्यावर शून्याजवळ येतो. कार्यक्रमात २ व्होल्ट ही सीमा ठेवावी. पाणी आपल्या विहिरीचेच घ्यावे, कारण खारट व गोड पाण्याची वीज वाहण्याची शक्ती वेगळी असते.

५) बाहेरच्या रिलेवर स्टार्टरऐवजी १२ व्होल्टचा लहान दिवा लावून उपकरण दोन दिवस चालवावे. मधूनच वरच्या सळईची सोडून प्रत्येक तार काढून पाहावी. दिवा विझलाच पाहिजे. ही चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच वीजतंत्र्याला बोलवावे.

६) शेवटी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने व ब्रशने स्वच्छ करून सुकवावा आणि त्यावर ॲक्रिलिक लॅकरचा पातळ थर द्यावा. सॉकेट व टर्मिनल आधी चिकटपट्टीने झाकावेत. पेटी सावलीत, जमिनीपासून उंच बसवावी. केबल नेहमी तळातून, ग्लँड लावून आत घ्याव्यात. मुंगी व पाल आत शिरेल एवढी फट ठेवू नये.

वळवाच्या पावसाची चिन्हे दिसताच, वीज कडाडू लागण्याआधीच, सळयांची केबल बोर्डापासून सोडवून ठेवावी. जवळ पडलेल्या विजेपासून लहान बोर्ड वाचवण्यास त्याने मदत होते. सळया दर तीन महिन्यांनी बाहेर काढून शेवाळ व क्षार घासून काढावेत. हे काम करण्यापूर्वी मोटारीचा मुख्य स्विच बंद करावा.

थोडक्यात महत्त्वाचे

• नमुना भाग हातात आल्याशिवाय आराखडा करू नये.
• बोर्डावर फक्त १२ व्होल्ट, त्यापुढचे काम वीजतंत्र्याचे.
• कागदावर मूळ मापात छापून भाग बसवून पाहावेत.
• गर्बर व छिद्रांच्या फाइली पाठवण्याआधी पुन्हा उघडून तपासाव्यात.
• पहिल्या वेळी कमी नग मागवावेत.
• तार तुटल्यावर मोटार थांबते का, हे पाहावे.

आमचे दुसऱ्या आवृत्तीचे पाच बोर्ड सध्या पाच विहिरींवर आहेत. ते बसवल्यापासून या पाचपैकी एकही मोटार कोरडी फिरून जळालेली नाही. दोनदा उपकरणाने मोटार विनाकारण बंद ठेवली. एकदा उंदराने केबल कुरतडली होती आणि एकदा सळईवर क्षाराचा थर चढला होता. दोन्ही वेळा दुरुस्ती विहिरीवरच, अर्ध्या तासात झाली. वर दिलेली काळजी घेतल्यास असा बोर्ड आपणही करू शकाल. घाई मात्र करू नये. कागदाच्या चाचणीला दिलेली एक संध्याकाळ पुढच्या उन्हाळ्यातील कितीतरी रात्री वाचवते.